लॉरा मार्लिंग अठराव्या वर्षी तिथे कशी पोचली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावीत आहे, गिटारवर स्वतःची इंग्रजी गाणी करते, आणि अभ्यासाचा विषय काढला की लॉरा मार्लिंग या इंग्लिश गायिकेचं नाव पुढे करते. ‘ती सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनला गेली आणि अठराव्या वर्षी मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत होती.’ हे खरं आहे का, खरं असेल तर इतक्या लवकर तिला ते कसं जमलं, आणि मुलीला काय सांगायचं?

मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा; घरातल्या वादात गिटारच्या मास्तरने पडू नये. बाकीच्या दोन प्रश्नांवर मात्र मला बोलायचंय. मी बावीस वर्षं पुण्यात गिटार शिकवतो, मागच्या खोलीत छोटंसं रेकॉर्डिंगही करतो, आणि या बाईचे पहिले चार अल्बम विद्यार्थ्यांना बसवून इतक्या वेळा ऐकवलेत की घरचे कंटाळलेत.

तुमची मुलगी सांगते ते खरं आहे. लॉराचा जन्म १ फेब्रुवारी १९९०चा. तीन बहिणींत धाकटी, वाढली इंग्लंडच्या हॅम्पशायर भागात. शाळा रेडिंगची लेटन पार्क, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. तिकडची दहावी म्हणजे जीसीएसई झाली आणि सोळाव्या वर्षी ती लंडनला गेली. ‘अलास, आय कॅनॉट स्विम’ हा पहिला अल्बम फेब्रुवारी २००८चा, म्हणजे अठरा पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. आतली गाणी अर्थातच सतराव्या वर्षाची किंवा त्याआधीची. त्याच वर्षी मर्क्युरीच्या, म्हणजे तिकडच्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्काराच्या, यादीत नाव आलं. पुरस्कार एल्बो या बँडला मिळाला.

पण ‘घर सोडून लंडनला गेली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्रंक घेऊन व्हीटीला उतरलेला हिरो येतो. रेडिंग ते लंडन अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-लोणावळा. गाडीने अर्ध्या तासात पॅडिंग्टन स्टेशन. आणि सोडलेलं घर कसं होतं? वडील रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवायचे, आई संगीत शिकवायची. गिटार वडिलांनीच हातात दिली, आणि जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेची गाणीही त्यांनीच ऐकवली. घराणं बॅरोनेटचं, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’ लावणारं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पण सोळाव्या वर्षी लंडनला गेलेल्या त्या मुलीच्या बोटांना तेव्हाच दहाएक वर्षांचे घट्टे पडले असणार, हे हिशेबात धरायला हवं. आपल्याकडे एखादा मुलगा पंधराव्या वर्षी तयारीचा ख्याल गातो तेव्हा आपण पहिलं विचारतो, घरात कोण गातं? तोच प्रश्न इथे विचारला की अर्धं कोडं सुटतं.

आता जरा तिच्या हातांकडे या, कारण बहुतेक लेखांत हेच सुटतं.

गिटारच्या सहा तारा नेहमी ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. जाड ई, बारीक बी आणि बारीक ई या तीन तारा एकेक सूर खाली उतरवल्या की डी-ए-डी-जी-ए-डी होतं. गिटारवाले त्याला सरळ ‘डॅडगॅड’ म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहॅम या इंग्लिश वादकाने ही जुळणी रुळवली आणि तिकडच्या फोक गिटारचा चेहराच बदलला. अशा जुळण्यांचा फायदा काय? डाव्या हाताने काही दाबलं नाही तरी मोकळ्या तारा एकमेकींशी जमून घुमत राहतात. तुमच्या घरी कोणी तंबोरा लावलेला असेल तर वेगळं सांगायला नको: खर्ज आणि जोड बोलत असतात आणि गळा त्यावर मोकळा फिरतो. जोनी मिचेलची जवळजवळ सगळी गिटार अशा वेगवेगळ्या जुळण्यांवर उभी आहे, आणि लॉराने लहानपणापासून तेच ऐकलं. २०२०च्या टाळेबंदीत तिने इन्स्टाग्रामवर लाइव्ह बसून आपल्या गाण्यांच्या जुळण्या लोकांना शिकवल्या होत्या. तुमच्या मुलीला त्या शोधायला सांगा. कुठल्याही चरित्रापेक्षा त्यात जास्त सापडेल.

उजव्या हाताचं काम याहून अवघड. अंगठा जाड तारांवर ठोक्यागणिक जातो, सहावी (म्हणजे सगळ्यांत जाड), चौथी, पाचवी, चौथी. आणि तर्जनी-मध्यमा मधल्या फटींत बारीक तारा छेडतात. अंगठा म्हणजे डग्गा, बोटं म्हणजे चाट. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले पंधरा दिवस फक्त अंगठा चालवायला लावतो, आणि चालू असताना गप्पा मारायला लावतो: आज डब्यात काय होतं, बस किती उशिरा आली. बोलताना अंगठा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. मुलं वैतागतात. पण हा अंगठा झोपेत चालेल इतका पक्का झाल्याशिवाय गाण्याचे शब्द तालाच्या मागे-पुढे ठेवता येत नाहीत. लॉराचं गाणं ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती हीच. गिटार घड्याळासारखी चालते, आणि ती शब्द मात्र बोलल्यासारखे टाकते, ओळ उशिरा सुरू करते, मधेच गिळते. हे सतराव्या वर्षी येत होतं. हे लंडनने शिकवलेलं नाही.

लंडनने तिला काय दिलं? माणसं.

२००६च्या सुमारास पश्चिम लंडनमध्ये विशीच्या आतबाहेरची दहा-पंधरा पोरं एकमेकांच्या कार्यक्रमांत वाजवत होती. किंग्ज रोडवर एका पेस्टीच्या दुकानाखाली बोसन्स लॉकर नावाचं तळघर होतं. पेस्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली पंजाएवढी करंजी. वर करंज्या, खाली गाणी. तिकडे नॉटिंग हिल आर्ट्स क्लबमध्ये कम्युनियन नावाची गाण्यांची रात्र सुरू झाली, तिच्या आयोजकांतला एक बेन लवेट. हा पुढे ‘ममफर्ड अँड सन्स’चा कीबोर्डवाला. त्याच बँडचा मार्कस ममफर्ड तेव्हा लॉराच्या मागे ड्रम वाजवायचा. ज्या बँडच्या अल्बमला २०१३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्याचा म्होरक्या एका सतरा वर्षांच्या मुलीला ठेका देत होता.

लॉरा स्वतः ‘नोआ अँड द व्हेल’ या बँडमध्ये गायची. त्यांचं २००८चं गाजलेलं गाणं ब्रिटिश विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात मागे जो मुलीचा आवाज येतो तो तिचा. बँडचा चार्ली फिंक तिच्या पहिल्या अल्बमचा निर्माता. तोही विशीतलाच. ‘द रेक्स’ या बँडच्या २००७च्या अल्बममध्ये एका गाण्यात ती आहे, ‘मिस्टरी जेट्स’ या बँडच्या २००८च्या एका गाण्यातही. जेमी टी या गायकाने तिला तिच्या अगदी सुरुवातीच्या एका कार्यक्रमात ऐकलं आणि आपल्या दौऱ्यावर नेलं. म्हणजे स्वतःच्या नावाचा अल्बम यायच्या आगेमागेच तिचा आवाज इतरांच्या गाण्यांत वाजत होता, आणि वेगवेगळ्या तऱ्हेच्या मंचांवर उभं राहून झालं होतं. या टोळीतली बरीच पोरं महागड्या शाळांतली होती. ‘श्रीमंतांची पोरं बॅन्जो घेऊन शेतकऱ्याचं सोंग आणतात’ अशी टीका तिकडच्या वर्तमानपत्रांनी पुढे भरपूर केली. अगदीच खोटी नाही ती. घरभाडं डोक्यावर असेल तर माणूस फुकटच्या कार्यक्रमांना आठवड्यातून तीनदा जात नाही.

सोहो रिव्ह्यू बारची गोष्ट तुमच्या मुलीला माहीत असेलच. कार्यक्रम लॉराचा, पण ती अल्पवयीन. दारूचा परवाना असलेली जागा, दारावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही. ती बाहेर फुटपाथवर उभी राहिली आणि जमलेल्या लोकांना तिथेच गाऊन दाखवलं. ही गोष्ट बंडखोरीची म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. माइक नाही, स्पीकर नाही, रस्त्यावर गाड्या, आणि तरी गाणं उभं राहतं. ज्याचं गाणं बँड आणि इफेक्टवर टेकलेलं असतं त्याला त्या रात्री घरी जावं लागलं असतं.

कंपनीचा भाग मी पटकन सांगतो. २००७ मध्ये ‘लंडन टाउन’ ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने काढली, मग व्हर्जिन या मोठ्या कंपनीने तिला घेतलं आणि ‘माय मॅनिक अँड आय’ काढली. व्हर्जिन तेव्हा ईएमआय या त्याहून मोठ्या संगीत कंपनीच्या पोटात होती, आणि ईएमआय नुकतीच एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली होती. जानेवारी २००८ मध्ये मालकांनी दीड ते दोन हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात हिचा अल्बम. सीडीची विक्री सगळीकडे घसरत होती, म्हणून अल्बमची एक ‘साँग बॉक्स’ आवृत्ती काढली: एक पेटी, त्यात गाण्यागणिक एकेक छोटी वस्तू आणि कार्यक्रमाचं तिकीट. ऐकायला सगळं फुकट मिळतंय तर हातात धरायला काहीतरी द्या, असा साधा व्यापारी विचार. पुढे हे सगळेच करू लागले.

आता तो पहिला अल्बम. तुमच्या मुलीला कदाचित आवडणार नाही, पण माझ्या मते तो चार अल्बमांतला सर्वांत कच्चा आहे. गाणी पक्की आहेत, मांडणी कच्ची. फिंकने त्यात व्हायोलिन घातलं, घंट्या घातल्या, पक्ष्यांची किलबिल घातली, मागे मित्रांचा कोरस. दिवाळीत नवशिक्या हाताने सगळ्या दारात रांगोळी काढावी तसं. ज्या गाण्यात ती आणि गिटार दोघंच उरतात तिथे एकदम कान टवकारतात. दुसरी गंमत अशी की तिचं तेव्हाचं सगळ्यांत चर्चेतलं गाणं, ‘न्यू रोमँटिक’, या अल्बममध्ये नाहीच. ते ईपीवर राहिलं. सतरा-अठराव्या वर्षी आपलं लाडकं गाणं बाहेर ठेवायला जिगर लागते.

त्यानंतर टोळी फुटली. २००८ मध्ये ती ‘नोआ अँड द व्हेल’मधून बाहेर पडली. फिंक आणि ती जोडीदार होते, ते वेगळे झाले, आणि त्याने पुढचा अख्खा अल्बम त्या दुःखावर केला. पत्रकारांना चघळायला विषय मिळाला. आपण पुढे जाऊ.

दुसरा अल्बम, ‘आय स्पीक बिकॉज आय कॅन’, मार्च २०१०. निर्माता ईथन जॉन्स: ग्लिन जॉन्स या नामांकित ध्वनिमुद्रकाचा मुलगा, किंग्ज ऑफ लिऑन आणि रायन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर काम केलेला. ममफर्डची मंडळी इथेही वाजवायला आहेत, पण आता ती हिच्या मागे आहेत, आजूबाजूला नाहीत. गाणी बाराची दहा झाली. आवाज खाली उतरला. पहिल्या अल्बममध्ये ती नाकातून, थोडं बालिश गाते. इथे छातीतून गाते. शीर्षकगीत ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसच्या बायकोच्या, पेनेलपीच्या तोंडचं आहे: नवरा समुद्रावर, ही घरात वाट पाहतेय. वीस वर्षांची मुलगी परक्या बाईच्या तोंडून बोलायला लागली, आणि तिथून तिच्या गाण्यांतलं वहीतल्या कवितेसारखेपण गेलं. हाही अल्बम मर्क्युरीच्या यादीत होता. त्या वर्षी ‘द एक्सएक्स’ जिंकले.

जॉन्सची पद्धत समजायला मला माझी एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीची तीन गाणी मी रेकॉर्ड केली. तयारीची मुलगी. मी शहाणपणा केला: आधी क्लिक, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून गिटार घेतली, नंतर हेडफोन चढवून आवाज घेतला, चुकलेल्या जागा पंच-इन करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून, दुरुस्त केल्या. सगळं सुरात, सगळं तालात. ऐकल्यावर ती म्हणाली, “सर, हे मी गायलेलं वाटत नाहीये.” बरोबर होतं तिचं. गाताना ती श्वासासाठी जिथे थांबायची तिथे गिटारही किंचित थांबायची. मी ती गिटार क्लिकला बांधून टाकली होती. मग एका संध्याकाळी पंखा बंद करून, एक माइक तोंडापुढे आणि एक गिटारपुढे ठेवून तिला एकसलग गायला बसवलं. आवाजाच्या माइकमध्ये गिटार शिरते, गिटारच्या माइकमध्ये आवाज शिरतो. याला आम्ही स्पिल म्हणतो. स्पिल झालं की एक शब्द चुकला तरी तेवढाच कापून बदलता येत नाही, अख्खा टेक पुन्हा. सातव्या टेकला शेजारच्यांचा कुकर शिट्टी देऊन गेला. आठवा टेक आम्ही ठेवला.

जॉन्स अशा सलग टेकांचा माणूस. पण ही पद्धत गायकाला उघडं पाडते. बोटं पक्की नसतील तर ती वापरताच येत नाही. म्हणून पुन्हा अंगठ्याकडे येतो मी. त्या घरातल्या दहा वर्षांचं व्याज तिला इथे मिळालं.

याच सुमारास तिचा आपल्याशीही एक धागा जुळला. डिसेंबर २००९ मध्ये ती आणि ‘ममफर्ड अँड सन्स’ दिल्लीला आले आणि ‘धरोहर प्रोजेक्ट’ या राजस्थानी लोककलाकारांच्या समूहाबरोबर चार गाणी रेकॉर्ड केली. ईपी जुलै २०१०ची. तिचं ‘डेव्हिल्स स्पोक’ तिथे ‘स्नेह को मार्ग’मध्ये विरघळतं. परदेशी पाहुणे आणि ढोलक या प्रकाराची मला धास्ती असते, पण हे ऐकवतं. कारण तांत्रिक आहे: उघड्या जुळणीतली गिटार मुळात एकाच षड्जाभोवती घुमत असते, दर दोन मात्रांना कॉर्ड बदलून लोकगायकाची वाट अडवत नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये तिला ब्रिट हा तिकडचा मोठा संगीत पुरस्कार मिळाला, सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचा. स्पर्धेत चेरिल कोल, एली गोल्डिंगसारखी दूरचित्रवाणीवर रोज दिसणारी नावं होती. ती तेव्हा एकवीस वर्षांची. एखाद्याने लगेच मोठमोठी मैदानं घेतली असती. तिने सप्टेंबरमध्ये तिसरा अल्बम काढला आणि ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये, म्हणजे भव्य चर्चांमध्ये, दौरा केला. ध्वनीच्या दृष्टीने हा वेडेपणाच. दगडी भिंती, उंच छत, आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. जलद वाजवलेली प्रत्येक तार पुढच्या तारेवर सांडते. तिथे टिकायचं तर कमी वाजवावं लागतं आणि शब्दांमध्ये जागा सोडावी लागते. पुढच्या अल्बममध्ये ती सोडलेली जागा ऐकू येते असं मला वाटतं. माझा तर्क आहे, पुरावा मागू नका. आणखी एक सवय तिची: ‘वन्स मोअर’ घेत नाही. शेवटच्या गाण्याआधी सांगून टाकते की तुम्हाला वन्स मोअर हवा असेल तर हेच ते समजा, नको असेल तर हे शेवटचं गाणं.

चौथा, ‘वन्स आय वॉज अ‍ॅन ईगल’, मे २०१३. ती तेवीस वर्षांची. जॉन्सच्या थ्री क्रोज स्टुडिओत केलेला. सोळा गाणी, तासाभराहून जास्त लांबी, आणि माणसं किती? ती, जॉन्स, आणि चेलोवर रूथ द टर्बरव्हिल. संपला बँड. २००८ मध्ये जिच्या आजूबाजूला आठ-दहा जण होते, तिने पाच वर्षांत एकेकाला हळूच बाजूला करत आणून शेवटी स्वतःची गिटार उरवली. तिच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा भाग मला विचाराल तर इथे संपतो. हाही मर्क्युरीच्या यादीत होता. हाही जिंकला नाही.

तेव्हा ‘अठराव्या वर्षी पोचली’ हे तुमच्या मुलीचं वाक्य मला निम्मं पटतं. अठराव्या वर्षी तिचं नाव पोचलं. मुलीला हा चौथा अल्बम ऐकवा, पण फोनच्या स्पीकरवर नको. पहिली चार गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, मधे फट नाही, त्यामुळे यादी उलटसुलट वाजवणारं बटण आधी बंद करा. आणि तिच्या गिटारला बारीक तारा असतील तर उतरवलेल्या जुळणीत जाड तार लुळी पडून खरखरेल. बारा किंवा तेरा गेजचा (म्हणजे जाडीचा) संच आणा. जाड तारांचा ताण मोठा असतो, गिटारच्या मानेला बाक आला तर दुरुस्तीला खर्च येतो, म्हणून बसवताना एकदा कोणाला तरी दाखवून घ्या.